एका घरातल्या तीन फर्म आणि एकच लिमिट: ग्राहक खात्यांची उतरंड लावताना

एका घरातल्या तीन फर्मना मिळून उधारीची मर्यादा १५ लाखांची होती आणि येणं ४२ लाखांवर गेलं होतं. दरम्यान सॉफ्टवेअरने एकही बिल अडवलं नाही. कुणी गुपचूप मर्यादा वाढवली नव्हती, कुणाचा पासवर्ड फुटला नव्हता. जे झालं ते सगळं नियमात बसून झालं, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतोय.

व्यवसाय पीव्हीसी पाइप, ठिबकचं साहित्य आणि पंपांच्या घाऊक वितरणाचा. मुख्य ऑफिस सांगलीला, शाखा कोल्हापूर, सोलापूर आणि बेळगावला. कागदावर प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, पण कारभार घरचा: मालक, त्यांचा पुतण्या आणि गेली कित्येक वर्षं अकाउंट्स सांभाळणाऱ्या एक ताई. कंपनीचं नाव इथे देत नाही आणि आकडे गोल केले आहेत. सॉफ्टवेअर ईआरपीनेक्स्ट, हिशेब, बिलं आणि साठा एकत्र सांभाळणारं. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं, मुक्त स्रोताचं. त्याआधी सगळा हिशेब टॅलीत होता, आणि प्रकरणाचं मूळ तिथेच आहे.

टॅलीत सन्ड्री डेटर्सच्या, म्हणजे ज्यांच्याकडून येणं आहे त्यांच्या गटाच्या खाली हवे तेवढे उपगट काढता येतात. इथे तसे काढलेले होते: आधी शाखा, शाखेखाली तालुका, तालुक्याखाली डीलर. जिथे एकाच घरातल्या दोन-तीन फर्म होत्या तिथे त्या घराच्या आडनावाने आणखी एक गट. ग्रुप उघडला की खालच्या सगळ्या लेजरांची (खात्यांची) बेरीज समोर येते, त्यामुळे मालकांना एका नजरेत कळायचं की अमुक घराकडे एकूण किती अडकलेत. बघण्यासाठी ही व्यवस्था उत्तम होती.

ईआरपीनेक्स्टमध्ये येताना आधीच्या इन्स्टॉल करणाऱ्याने हीच उतरंड जशीच्या तशी ‘कस्टमर ग्रुप’मध्ये ओतली. तोही झाडासारखाच आहे: वरचे गट, त्यांच्या पोटात गट, शेवटी ग्राहक. दिसायला टॅलीसारखंच. मग घराच्या गटावर १५ लाखांचं क्रेडिट लिमिट टाकलं आणि सगळे निश्चिंत झाले.

पण कस्टमर ग्रुपवरचं लिमिट ही बेरजेची मर्यादा नसते. बिल करताना सॉफ्टवेअर आधी त्या ग्राहकाच्या स्वतःच्या खात्यात लिमिट आहे का बघतं. नसेल तर त्याच्या ग्रुपचं घेतं. तेही नसेल तर कंपनीचं. म्हणजे ग्रुपवरचा आकडा हा खालच्या प्रत्येकाला वेगवेगळा मिळणारा, ठरवून ठेवलेला आकडा. वडिलांची तासगावची फर्म, थोरल्याची मिरजेची, धाकट्याची सांगोल्याची. तिघांना प्रत्येकी १५ लाख. घराला ४५ लाख. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने अजून ३ लाख शिल्लकच होते.

मालकांचं पहिलं वाक्य असं होतं: “अहो, घर एकच आहे. मग तीन खाती कशाला? एकच करून टाका ना.”

ते करता येत नव्हतं, आणि का करता येत नव्हतं हे समजून घेण्यात पहिले दोन दिवस गेले.

खातं कुणाचं, हे कोण ठरवतं

तिन्ही फर्म प्रोप्रायटरशिप होत्या. तीन माणसं, तीन पॅन, तीन जीएसटी नंबर. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०, कर्नाटक २९), पुढची १० अक्षरं म्हणजे थेट पॅन. बिल ज्याच्या नंबरावर फाडाल त्यालाच कराची वजावट मिळते. वडिलांच्या नावावर बिल आणि माल सांगोल्याच्या दुकानात, असं केलं तर धाकट्याचं रिटर्न कोलमडतं. आणि कायद्याने बघितलं तर मुलाच्या फर्मच्या देण्याला वडील आपोआप बांधील नसतात. त्यांनी लेखी हमी दिली असेल तर गोष्ट वेगळी. इथे हमी तोंडी होती, जशी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी असते.

याच्या अगदी उलट दुसरा एक डीलर होता. एकच फर्म, एकच पॅन, पण दुकानं दोन: एक मिरजेत, एक अथणीत. अथणी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात. मिरजेहून बस पकडून लोक सकाळी जातात आणि दुपारी परत येतात. पण राज्य बदललं की जीएसटी नंबर बदलतो. म्हणून त्याचे दोन नंबर, एक २७ ने सुरू होणारा, एक २९ ने, मधली १० अक्षरं तीच. आधीच्या माणसाने याचीही दोन खाती काढली होती आणि दोघांवर स्वतंत्र लिमिट लावलं होतं. कायद्याच्या दृष्टीने हा एकच देणेकरी. त्याची बायको दोन्ही दुकानांचे चेक एकाच खात्यातून काढायची, आणि ताई दर महिन्याला ते कुठल्या खात्याला लावायचे यावरून डोकं धरून बसायच्या.

टीडीएसचीही गंमत अशीच. १९६१ च्या आयकर कायद्यात १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या कलम १९४क्यूनुसार, ज्या खरेदीदाराची आदल्या वर्षाची उलाढाल १० कोटींच्या वर आहे, त्याने एका विक्रेत्याकडून वर्षात ५० लाखांच्या वर घेतलेल्या मालावर ०.१ टक्का टीडीएस कापायचा. हा हिशेब पॅनवर चालतो. मोठ्या डीलरची दोन दुकानं दोन खात्यांत विभागली तर आपल्या बाजूने ५० लाखांचा टप्पा कधी ओलांडला ते दिसतच नाही, आणि त्याने कापलेला टीडीएस २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर कापलेल्या कराच्या यादीत, दिसला की शोधाशोध सुरू होते. भावाभावांच्या फर्मना मात्र एकत्र मोजायचा प्रश्नच नाही, पॅन वेगळे.

म्हणजे ‘वरचं खातं’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी लपल्या होत्या. कायद्याने एक असणारे, विश्वासाने एक असणारे, आणि आपल्या सोयीसाठी एका शाखेखाली टाकलेले. टॅलीतल्या त्या उतरंडीत तिन्ही एकावर एक रचलेले होते. बेरीज बघायची तेवढ्यापुरतं चालून गेलं. त्या रचनेवर लिमिट आणि परवानग्या टांगल्या तेव्हा ती वाकली.

परवानग्या कुठे फसल्या

लिमिटचं प्रकरण पैशाचं होतं म्हणून लगेच वर आलं. दुसरं प्रकरण महिनोन् महिने चालू होतं आणि ते सोलापूरच्या एका डीलरने बोलता बोलता उघड केलं. “सांगलीच्या पार्टीला पाइप दोन टक्के खाली देता, आम्हालाच का वर?” असं त्याने फोनवर विचारलं. दर बरोबर होता. प्रश्न हा की त्याला कळला कसा.

सेल्समनना आपापल्या शाखेचे ग्राहक दिसावेत म्हणून प्रत्येकाला कस्टमर ग्रुपवर ‘युजर परमिशन’ दिलेली होती. सोलापूरच्या सेल्समनला ‘सोलापूर शाखा’ हा गट. ईआरपीनेक्स्टमध्ये झाडातल्या वरच्या गटाची परवानगी दिली की खालचं सगळं आपोआप मिळतं, ‘हाइड डिसेंडंट्स’ (खालचं लपवा) ही खूण केली नाही तर. इथपर्यंत ठीक. पण धाकट्या भावाची सांगोल्याची फर्म घराच्या गटात बसवायची म्हणून ‘सांगली शाखा’च्या पोटात गेली होती. सांगोला सोलापूर जिल्ह्यात, माल सोलापूरच्या गोडाऊनमधून, सेल्समन सोलापूरचा. आणि त्यालाच ती पार्टी दिसेना. त्याने तक्रार केली. ऑफिसातल्या कुणीतरी सगळ्यात सोपा उपाय केला: त्याला ‘सांगली शाखा’ गटाचीही परवानगी देऊन टाकली. एक पार्टी दिसावी म्हणून सांगलीची अख्खी यादी उघडी. त्यांचे दर, त्यांची बाकी, कुणाला किती दिवसांची उधारी.

त्या सेल्समनने काही चोरलं, असं मी म्हणत नाही. समोर दिसत होतं ते त्याने आपल्या डीलरला सांगितलं असेल. हा धंदा गप्पांवरच चालतो. चूक रचनेची होती. एका घराची उधारी एकत्र मोजण्यासाठी केलेल्या गटावर ‘कुणी काय बघायचं’ हे ठरवलं गेलं, आणि दोन्ही कामं बिघडली.

लॉगिन तपासायला बसलो तेव्हा आणखी तीन गोष्टी सापडल्या. पाच जणांकडे सिस्टम मॅनेजरचा रोल, म्हणजे सेटिंग्ज बदलण्याचा अधिकार, होता, कारण मध्ये कधीतरी काम अडलं होतं आणि तो दिल्यावर सुटलं. दोन नवीन सेल्समनना रोल दिले होते, पण युजर परमिशन द्यायची राहून गेली होती. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी: युजर परमिशनची एकही नोंद नसेल, तर त्या माणसाला काहीच दिसत नाही असं नाही, सगळंच दिसतं. रोल दार उघडतो, युजर परमिशन आतल्या खोल्या बंद करते. बंद करायचं विसरलात तर चारही शाखा खुल्या. हे दोघे चारही शाखांचे ग्राहक बघत होते आणि त्यांना वाटत होतं की सगळ्यांना असंच दिसतं.

तिसरी गोष्ट मला स्वतःला बघायला मजा आली. काही बिलं अशा माणसांना दिसत होती ज्यांना ना रोलने दिसायला हवी होती ना परमिशनने. कारण ‘असाइन’. ताई एखाद्या बिलावर सेल्समनचं नाव टाकायच्या, “याची वसुली बघ” म्हणून. ज्याला ते बिल बघायची परवानगी नाही त्याच्यावर काम सोपवलं, की सॉफ्टवेअर ते बिल त्याला शेअरही करतं. शेअर केलेली नोंद युजर परमिशनच्या कुंपणाबाहेरून थेट पोचते. नाही तर काम सोपवून उपयोग काय? तर्क बरोबर आहे, फक्त इथे कुणाला माहीत नव्हता.

उतरंड एक नाही, तीन

मालकांना हे पटवायला वेळ लागला, कारण त्यांच्या डोक्यात एकच झाड होतं आणि ते वर्षानुवर्षं चाललेलं होतं. शेवटी ताईंनीच पटवलं. त्या म्हणाल्या, “साहेब, मला वसुलीला घर लागतं, बिलाला नंबर लागतो, आणि सेल्समन पोराला तालुका लागतो. तिन्ही एका जागी नका मागू.” यापुढे माझं काम फक्त ते सॉफ्टवेअरमध्ये मांडायचं राहिलं.

कस्टमर ग्रुप फक्त ग्राहकाच्या प्रकारासाठी ठेवला: डीलर, सहकारी संस्था, सरकारी योजनेचा पुरवठा, किरकोळ. दरयादी यावरून ठरते, बाकी काही नाही. शाखा आणि तालुके तिथून काढून ‘टेरिटरी’ या दुसऱ्या झाडात नेले. सांगलीखाली मिरज, तासगाव, जत. कोल्हापूरखाली शिरोळ, हातकणंगले, करवीर. सोलापूरखाली पंढरपूर, सांगोला, बार्शी. बेळगावखाली चिकोडी, अथणी. युजर परमिशन फक्त याच झाडावर. शाखाप्रमुखाला शाखेचा गट, सेल्समनला त्याचे तालुके. एकाच झाडातले दोन तालुके दिले तर ‘हा किंवा तो’ असं धरलं जातं. दोन वेगळ्या प्रकारच्या परवानग्या दिल्या, समजा तालुका आणि दरयादी, तर ‘हे आणि तेही’. दोन्ही अटी लागू होतात अशा नोंदी मग दोन्ही जुळल्याशिवाय दिसत नाहीत. हे माहीत नसलं की माणूस परवानगी वाढवायला जातो आणि स्क्रीन रिकामी होते.

उधारीसाठी ग्राहकाच्या नोंदीतच एक नवीन रकाना घातला: ‘मूळ खातं’. तो दुसऱ्या एखाद्या ग्राहकाकडे बोट दाखवतो. सांगोल्याच्या धाकट्याचं मूळ खातं तासगावचे वडील. मिरजेच्या थोरल्याचंही तेच. पंधरा लाखांचा आकडा फक्त वडिलांच्या नोंदीवर. मुलांची टेरिटरी मात्र आपापली, सांगोला आणि मिरज. त्यामुळे सोलापूरच्या सेल्समनला सांगोल्याची पार्टी दिसते, तिचं मूळ खातं तासगावला आहे हे नावानिशी दिसतं, आणि तासगावचं खातं उघडायला गेला तर उघडत नाही. नेमकं हेच हवं होतं.

हे जमलं कारण परवानग्या टेरिटरीवर होत्या. त्या थेट ग्राहकांच्या नावांवर दिल्या असत्या तर उलटं झालं असतं: सांगोल्याच्या नोंदीतला ‘मूळ खातं’ हा रकाना सेल्समनच्या यादीत नसलेल्या ग्राहकाकडे बोट दाखवतो, म्हणून सांगोल्याची नोंदही बंद. तशी वेळ आलीच तर त्या रकान्यावर ‘इग्नोर युजर परमिशन्स’ची खूण करावी लागते. अनेकांचे दिवस यात जातात, कारण चूक परवानगीत दिसते आणि कारण रकान्यात असतं.

मिरज-अथणीवाल्याचं काय? एक पॅन, एक देणेकरी, म्हणून नियमाने एकच ग्राहक आणि त्याखाली दोन पत्ते, प्रत्येक पत्त्याला आपला जीएसटी नंबर. भारतीय कराच्या ॲपमध्ये पत्त्यावर नंबर ठेवण्याची सोय आहेच. मला ही रचना स्वच्छ वाटते आणि जिथे दोन्ही दुकानं एकाच शाखेतून माल घेतात तिथे आम्ही तशीच केली. पण अथणीचं दुकान बेळगाव शाखा बघत होती आणि ग्राहकाच्या नोंदीला टेरिटरी एकच असते. एकच खातं ठेवलं तर बेळगावला ते दिसत नाही, नाही तर पुन्हा मिरज उघडं करावं लागतं. शेवटी दोन खाती ठेवली, मूळ खातं मिरजेचं. सीएंना हे फारसं आवडलं नाही; त्यांना पॅनवार एक ओळ हवी होती. त्यांच्यासाठी पॅनवर बेरीज देणारा एक छोटा अहवाल केला आणि त्यावर तह झाला.

अथणीचा आणखी एक गुंता होता, तो परवानगीचा नाही पण त्याच रचनेतून सुटला. अथणीच्या दुकानाला माल सांगलीच्या गोडाऊनमधून दिला तर आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीचा कर), बेळगावच्या गोडाऊनमधून दिला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी (त्याच राज्यातल्या विक्रीचे). आधी जो सेल्समन ऑर्डर घेईल त्याच्या सोयीने बिल निघायचं. आता टेरिटरीवरून गोडाऊन ठरतं. याच ओघात पुतण्याने विचारलं की बेळगावची वेगळी ‘कंपनी’ का करू नये, आधीच्या माणसाने तसं सुचवलं होतं. वरची कंपनी, खालची कंपनी अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण ती कायद्याने वेगळ्या असलेल्या संस्थांसाठी. इथे पॅन एकच. कंपनी वेगळी केली की खात्यांची यादी दोनदा, ताळेबंद जुळवणं दोनदा. दोन राज्यांतल्या नोंदणी जीएसटी कायदा वेगळ्या व्यक्ती मानतो हे खरं, आणि सांगलीहून बेळगावला माल हलवला तरी कराचं बिल लागतं. पण तेवढ्यासाठी नवी कंपनी उभी करणं म्हणजे भाड्याची पावती हवी म्हणून घर बांधण्यासारखं. गोडाऊन आणि कॉस्ट सेंटर (शाखेचा जमाखर्च वेगळा दाखवणारा कप्पा) वेगळं ठेवून भागलं.

बेरीज करणारी स्क्रिप्ट

मूळ खातं नोंदवलं म्हणून लिमिट आपोआप लागत नाही. सेल्स ऑर्डर आणि बिल पक्कं होण्याआधी चालणारी एक सर्व्हर स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहावी लागली: ज्यांचं मूळ खातं एक आहे त्या सगळ्यांची बाकी खातेवहीतून घ्या, पाठवलेला पण बिल न झालेला माल मिळवा, मूळ खात्याच्या लिमिटशी ताडून बघा.

इथे एक बारकावा आहे आणि तो चुकला तर सगळं मुसळ केरात. फ्रापेमध्ये, म्हणजे ईआरपीनेक्स्ट ज्यावर उभं आहे त्या त्याच नावाच्या चौकटीत, नोंदी मागवायच्या दोन पद्धती शेजारी शेजारी आहेत. गेट-लिस्ट ही स्क्रीनसमोर बसलेल्या माणसाच्या परवानग्या पाळते, गेट-ऑल पाळत नाही. स्क्रिप्टमध्ये गेट-लिस्ट लिहिलं असतं तर सोलापूरचा सेल्समन ऑर्डर टाकताना बेरजेत फक्त सांगोल्याची फर्म धरली गेली असती, कारण त्याला तेवढीच दिसते. तपासणी दर वेळी पास. आणि ऑफिसात ताईंच्या लॉगिनने चाचणी घेतली तर काम व्यवस्थित दिसलं असतं, कारण त्यांना तिन्ही दिसतात. परवानग्या जितक्या काटेकोर, तितकी ही चूक खोल दडते. म्हणून बेरजेला गेट-ऑल.

त्याची दुसरी बाजू म्हणजे संदेश. स्क्रिप्टला सगळ्यांची बाकी दिसते, सेल्समनला दिसायला नको. पहिल्या मसुद्यात पुतण्याने असा संदेश सुचवला होता: ‘तासगाव ११ लाख, मिरज ३ लाख, तुमची ऑर्डर २ लाख, मर्यादा ओलांडली.’ म्हणजे दारातून बाहेर काढलेलं खिडकीतून आत. आता एवढंच येतं: ‘मूळ खात्याची मर्यादा ओलांडली जाते. शाखाप्रमुखांशी बोला.’ मर्यादा ओलांडून बिल करण्याचा अधिकार मालक आणि पुतण्या या दोघांनाच आहे. लिमिटचा रकाना परमिशन लेव्हल १ वर, म्हणजे वेगळी परवानगी लागणाऱ्या पातळीवर, नेला, त्यामुळे तो बदलणंही त्या दोघांपुरतंच.

रिकाम्या जागा आणि न दिसणारी कुंपणं

टॅलीतून आलेल्या बऱ्याच जुन्या पार्ट्यांना टेरिटरीच नव्हती. ईआरपीनेक्स्टमध्ये रकाना रिकामा असेल तर ती नोंद सगळ्यांना दिसते. ‘अप्लाय स्ट्रिक्ट युजर परमिशन्स’ चालू केलं तर कुणालाच दिसत नाही, युजर परमिशनचं बंधनच नसलेले सोडून. क्रम महत्त्वाचा: आधी रिकाम्या जागा भरायच्या, मग ही खूण करायची. इथे घाईत खूण आधी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बार्शीच्या सेल्समनपासून सगळ्यांचे फोन सुरू झाले की “पार्ट्या उडाल्या.” काही उडालं नव्हतं. खूण काढली, ताईंनी आणि शाखाप्रमुखांनी मिळून तालुके भरले, मग परत लावली.

पावत्यांचं दुखणं जास्त खोल होतं. बिलावर टेरिटरीचा रकाना असतो, म्हणून बिलं तालुक्यानुसार झाकली जातात. पेमेंट एंट्रीवर असा रकाना नाही. तिथे पार्टी आहे, पण तो रकाना कधी ग्राहक, कधी पुरवठादार, कधी कर्मचारी दाखवणारा, बदलत्या जातीचा; युजर परमिशन तशा रकान्यांना लागू होत नाही. म्हणजे पेमेंट एंट्री वाचायचा रोल ज्याच्याकडे, त्याला चारही शाखांची जमा दिसणार. सेल्समनच्या रोलमधून ते वाचनच काढून टाकलं. जनरल लेजरसारखे अहवाल आपापली क्वेरी (डेटाबेसकडची विचारणा) स्वतः चालवतात, त्यात परवानगी किती पाळली जाते ते लिहिणाऱ्यावर अवलंबून. तेही सेल्समनच्या रोलसाठी बंद केले. मग त्यांना बाकी कशी दिसावी? त्यांच्या तालुक्यातल्या न भरलेल्या बिलांची यादी देणारा एक साधा अहवाल केला, आणि यात मात्र गेट-लिस्ट वापरलं. तेच दोन शब्द, काम उलटं.

निर्यातीचा अधिकार, म्हणजे यादी एक्सेलमध्ये उतरवणं, सेल्समन आणि शाखाप्रमुख दोघांच्याही रोलमधून काढला. शाखाप्रमुख चिडले. एकाने विचारलं, “आमच्यावर विश्वास नाही का?” मालकांनी त्यांना महिन्याच्या पाच तारखेला ताईंकडून यादी मिळेल असं सांगितलं. मला अजूनही वाटतं की शाखाप्रमुखांना त्यांच्या शाखेपुरता हा अधिकार द्यायला हरकत नव्हती. माणूस मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढतोच. पण निर्णय त्यांचा.

सिस्टम मॅनेजर आता दोघांकडे. ॲडमिनिस्ट्रेटरच्या लॉगिनने चाचणी घ्यायची नाही हा नियम केला, कारण त्याला कुठलंच कुंपण अडवत नाही आणि सगळं ठीक दिसतं. प्रत्येक रोलचं एक नकली लॉगिन काढलं आणि ताईंनी एका वहीत प्रश्न लिहिले: सांगोल्याच्या सेल्समनला तासगावची बाकी दिसते का, बेळगावच्या प्रमुखाला मिरजेचं बिल दिसतं का, नवीन लॉगिनला परमिशन न देता काय दिसतं. रचनेत काही बदललं की ती वही उघडायची. सेल्समनवर काम सोपवायचं तर आधी टेरिटरी बघायची, हेही त्याच वहीत आहे.

अजून अडलेलं

पार्टी एका शाखेतून दुसरीकडे गेली तर काय करायचं, याचं समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही. ग्राहकाची टेरिटरी बदलता येते. पण जुन्या बिलांवर तेव्हाची टेरिटरी छापलेलीच राहते. नव्या शाखेला पार्टी दिसते, तिची जुनी बाकी दिसत नाही. पुतण्या म्हणाला, डेटाबेसमध्ये हात घालून जुन्या बिलांची टेरिटरी बदलून टाकू. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला प्रत्येक बदलाचा माग ठेवणं बंधनकारक आहे आणि तो माग बंद करता येऊ नये असा नियम आहे. पक्क्या बिलावर मागच्या दाराने हात फिरवायला सीएंनी साफ नकार दिला. तो बरोबरच होता. तूर्त वसुलीसाठी वेगळा रोल आहे, त्याला दोन शेजारच्या शाखा दिसतात. जुनी बाकी तो माणूस वसूल करतो आणि कमिशनवरून दर महिन्याला वाद होतो.

आणि ते तासगावचं घर. येणं १५ लाखांच्या आत यायला दोन हंगाम लागले; ऊस बिलं उशिरा आली की पाइपची बाकी उशिरा येते, यात सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. मधल्या काळात ताईंनी एक नियम काटेकोर केला: वडिलांचा चेक मुलाच्या बिलाला लावायचा असेल तर वडिलांचं सहीचं पत्र. आधी हे फोनवर व्हायचं. तिघांकडून एकमेकांच्या देण्याची लेखी हमीही घेतली, मूळ खातं या रकान्याला कागदाचा आधार असावा म्हणून.

गेल्या दिवाळीत त्या घरात वाटण्या झाल्या. धाकट्याने सांगोल्याहून निरोप पाठवला की आता माझा हिशेब वेगळा धरा. रकान्यातलं नाव पुसायला एक क्लिक पुरते. पण हमीपत्रावर त्याची सही आहे, वडिलांच्या खात्यावर त्या तारखेला ८ लाख बाकी होते, आणि त्यातले किती त्याच्या वाट्याचे हे तिघे मिळून सांगेपर्यंत ताईंनी मूळ खातं तसंच ठेवलं आहे. सांगोल्याला माल रोखीने जातो.